२०,००० ची पॉवर बँक पहाटेपर्यंत का पुरत नाही? लांब पल्ल्याच्या सायकलिंगमधला विजेचा हिशेब

नागपुरात लांब सायकल चालवायचे दिवस मोजके. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पार जातो, पावसाळ्यात आतल्या रस्त्यांची दैना असते, म्हणून २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या राइड, करायच्या तर सगळा जोर हिवाळ्यावर येतो. हिवाळ्यात हवा छान, पण रात्र मोठी. डिसेंबरच्या मध्यात इथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि पावणेसातच्या आसपास उगवतो. म्हणजे सव्वातेरा तास अंधार. त्यातच २०२७ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे. ही १,२०० किलोमीटरची राइड दर चार वर्षांनी होते आणि तिला जायचं तर त्याच हंगामात ही चारही अंतरं पूर्ण करावी लागतात. त्यामुळे आजवर २०० च्या पुढे न गेलेली बरीच मंडळी आता पहिल्यांदाच रात्रभर सायकल चालवायच्या तयारीला लागली आहेत.

त्यांचा हमखास प्रश्न असा: पॉवर बँक २०,००० एमएएचची, फोनची बॅटरी ५,००० ची, म्हणजे फोन चार वेळा चार्ज व्हायला हवा. प्रत्यक्षात अडीच वेळाही जेमतेम होतो. बाकीची वीज जाते कुठे?

आधी एक खुलासा. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. त्या शर्यतीत सायकलस्वाराच्या मागे गाडी असते, गाडीत माणसं असतात, दिवा मंदावला तर चार्ज केलेला दुसरा हातात येतो. ब्रेव्हेत तसं नसतं. बाहेरची मदत घ्यायची तर फक्त ठरलेल्या कंट्रोल पॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर, मधल्या रस्त्यात नाही. दिवे सायकलला घट्ट बसवलेले हवेत आणि अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत चालू हवेत, असा नियमच आहे. रात्रीची वीज स्वतःच वाहायची किंवा वाटेत स्वतःच मिळवायची. ती किती लागेल हे घरी कागदावर काढता येतं, आणि ते गणित पाचवीतल्या गुणाकारापलीकडे जात नाही.

एमएएचचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो

पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरात एमएएच (मिलिअँपिअर-तास) लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे किती घागरी भरल्या त्याची मोजणी. घागर केवढी हे त्यात नाही, ते व्होल्ट सांगतो. पॉवर बँकेच्या आतले सेल ३.७ व्होल्टचे असतात आणि २०,००० हा आकडा त्या लहान घागरींचा असतो. यूएसबीतून वीज बाहेर येते ती ५ व्होल्टने, म्हणजे मोठ्या घागरीने. पाणी तेवढंच राहिलं तरी घागरींची संख्या कमी भरणार. शिवाय एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना थोडं सांडतंच.

म्हणून खरं माप वॅट-तास. वॅट म्हणजे एखादी वस्तू या क्षणाला किती वीज खाते, आणि वॅट-तास म्हणजे एकूण किती खाल्ली. १ वॅटचा दिवा १० तास जळला की १० वॅट-तास संपले. पॉवर बँकेचे वॅट-तास काढायला एमएएचला ३.७ ने गुणा आणि १,००० ने भागा. १०,००० ची बँक ३७ वॅट-तासांची, २०,००० ची ७४ ची.

आता सांडलवंड मोजू. ३.७ चे ५ व्होल्ट करताना बँकेत वीज उष्णतेत जाते, १०,००० च्या बँकेतून सुमारे ३० वॅट-तास बाहेर येतात. बँकेच्या पाठीवर अगदी बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ६,००० च्या आसपासचा आकडा असतो, तो हाच. पुढे फोन ती वीज घेऊन स्वतःच्या बॅटरीत भरतो तेव्हा आणखी थोडी जाते. फोनच्या पदरात पडतात साधारण २५. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी सुमारे १९ वॅट-तासांची असते. म्हणजे १०,००० च्या बँकेतून फोन एकदा आणि वर थोडा, २०,००० च्या बँकेतून अडीच-पावणेतीन वेळा. बँक खोटी नाही, तिच्यावरचा मोठा आकडा आपल्या कामाचा नाही. खरेदी करताना तो सोडून बारीक अक्षरं वाचा. रेटेड कपॅसिटी लिहिलेलीच नसेल तर ती बँक दुकानातच राहू द्या.

६०० किलोमीटरचा कागद

६०० च्या ब्रेव्हेला ४० तास मिळतात. शनिवारी सकाळी सहाला नागपुरातून निघालात तर रविवारी रात्री दहाच्या आत परत यायचं. डिसेंबर धरू. शनिवारची रात्र सव्वातेरा तासांची, त्यातून तीन तास झोप वजा करा, उरले दहा. रविवारी संध्याकाळी साडेपाच ते दहा, साडेचार. सुरुवातीचा पाऊण तास अंधारातला. मिळून सुमारे पंधरा तास दिवे चालू.

हेडलाइट कधी मंद कधी प्रखर, सरासरी दीड वॅट: पंधरा तासांचे साडेबावीस. मागचे दोन दिवे मिळून ०.३ वॅट: साडेचार. सायकलचा जीपीएस कॉम्प्युटर पाव वॅट, झोपेचे तास सोडून सदतीस तास: नऊ. फोन खिशात ठेवून, अधूनमधून कॉल, फोटो, नकाशा, असा वापरला तर चाळीस तासांत पंचवीसच्या घरात. एकूण ६१ वॅट-तास.

घरून निघताना हे सगळं पूर्ण भरलेलंच असतं. हेडलाइटमध्ये १२, मागच्या दोन दिव्यांत ४, जीपीएसमध्ये ४, फोनमध्ये १९, असे ३९ आधीच सोबत आहेत. कमी पडतात २२. १०,००० ची बँक वस्तूच्या पदरात २५ टाकते, म्हणजे काठावर जमतं. काठावरचा हिशेब मला पटत नाही, कारण एक पंक्चर आणि एक चुकलेला फाटा मिळून अंधाराचे दोन तास सहज वाढवतात. ६०० ला २०,००० ची एक बँक न्यावी, किंवा १०,००० च्या दोन. दोनच बऱ्या: एक पडली, भिजली, हरवली तरी दुसरी आहे. वजन जवळपास तेवढंच.

हा कागद प्रत्येकाने स्वतःच्या वस्तूंचा करावा. कोणती वस्तू किती खाते हे मोजायला यूएसबी मीटर मिळतो, अंगठ्याएवढा, चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचा. नागपुरात बर्डीवर मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. संपलेला दिवा मीटरमधून पूर्ण चार्ज केला की त्याच्या पोटात किती मावतं ते आकड्यात दिसतं. खोक्यावर काय छापलंय याला मग फार किंमत उरत नाही.

पण फोनवर नकाशा आहेच, मग जीपीएस कॉम्प्युटर कशाला?

फोन हँडलला लावून, स्क्रीन चालू ठेवून नकाशा बघत गेलात तर तो दोन ते तीन वॅट खातो. दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसावी म्हणून उजेड वाढवाल, तेव्हा वरचं टोक धरा. अडीच वॅटने सदतीस तास म्हणजे ९२ वॅट-तास, फक्त नकाशाचे. वरच्या कागदातल्या सगळ्या वस्तूंच्या बेरजेपेक्षा जास्त. रात्रीच्या अंधाराला आपण घाबरतो, पण पॉवर बँक रिकामी करणारी खरी वस्तू म्हणजे ही स्क्रीन.

म्हणून जीपीएस कॉम्प्युटर नसेल तरी हरकत नाही, स्क्रीन मात्र बंद ठेवा. नकाशा आधीच डाउनलोड करा, वळणं आवाजात ऐका. मोबाइल डेटा बंद ठेवा. जंगलपट्ट्यात, उदाहरणार्थ देवलापारच्या पुढे पेंचच्या बाजूला, नेटवर्क विरळ झालं की फोन टॉवर शोधण्यातच बॅटरी संपवतो. तिथे फ्लाइट मोड लावा. जीपीएस त्यातही चालतो, कारण उपग्रहाचा सिग्नल फोन फक्त घेतो, काही पाठवत नाही.

यातून एक नियम निघतो आणि तो मी अगदी आग्रहाने सांगेन: दिव्यांची वीज आणि फोनची वीज वेगळी ठेवा. दोन बँका असतील तर एकीवर चिकटपट्टी लावून 'दिवे' असं लिहा आणि फोन कितीही ओरडला तरी तिला हात लावू नका. फोन बंद पडला तर वाट विचारता येते. महामार्गावर मागचा दिवा बंद पडला तर ट्रकवाल्याला तुम्ही दिसतच नाही.

खोक्यावरचे लुमेन आणि तास

लुमेन म्हणजे दिवा एकूण किती उजेड फेकतो त्याचं माप. आजच्या चांगल्या एलईडी दिव्यात साधारण १ वॅटमागे १०० लुमेन मिळतात. एवढं लक्षात ठेवलं तर दुकानातच खरं-खोटं कळतं. ४०० लुमेन म्हणजे ४ वॅट. दिव्यांत असतो त्या नळीसारख्या एका चांगल्या १८६५० सेलमध्ये १२ वॅट-तास असतात. म्हणजे पूर्ण उजेडावर तीन तास, १०० लुमेनवर बारा तास. एकाच सेलच्या दिव्यावर '१,००० लुमेन, ८ तास' लिहिलं असेल तर त्याला ८० वॅट-तास लागतील, आणि तेवढे त्या नळीत मावत नाहीत.

१८६५० हा सेलचा आकार: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या आकारात आज खरोखर मिळते ती क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास संपते. बाजारात '९,९००' छापलेले सेल सर्रास विकले जातात, ते खोटे आहेत. नुसता आकडाच खोटा असता तर एक वेळ चाललं असतं, पण अशा सेलमध्ये सुरक्षेची पट्टीही बहुधा नसते. सुटे सेल नेत असाल तर प्लास्टिकच्या डबीतच न्या. खिशात किल्ली-नाण्यांबरोबर राहिला आणि दोन्ही टोकं जोडली गेली तर सेल भाजण्याइतका तापतो, पेटूही शकतो.

तासांचंही असंच. टॉर्च आणि दिव्यांच्या मोजणीला एफएल-१ नावाचं एक प्रमाण आहे. त्यात 'रनटाइम' म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. ४०० लुमेनचा दिवा 'सहा तास' चालतो असं लिहिलं असेल तर सहाव्या तासाच्या शेवटी तो ४० लुमेनवर असू शकतो. कंपनी नियमानेच बोलते, पण खड्डा तुम्हाला त्याआधी बराच वेळ दिसेनासा झालेला असतो.

मग हवेत किती? चौपदरी, गुळगुळीत महामार्गावर ताशी २० ते २५ च्या वेगाला १५० लुमेन पुरतात. आतल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ३००, उतारावर ४००. कायम पूर्ण उजेडावर चालवणं म्हणजे वीज वाया घालवणं. त्याहून महत्त्वाचा उजेडाचा आकार. साधी टॉर्च गोल झोत टाकते, त्यातला अर्धा झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. जर्मनीच्या वाहतूक नियमांनुसार बनवलेल्या सायकल दिव्यांचा झोत वरून सरळ रेषेत कापलेला असतो, कारच्या डिपरसारखा. सगळा उजेड रस्त्यावर पडतो, म्हणून कमी वॅटमध्ये जास्त दिसतं. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरचा चालकही तुमच्यावर चिडून अप्पर मारत नाही.

मागे दोन दिवे लावा, वेगवेगळ्या बॅटरीचे. एक सीटपोस्टला, दुसरा बॅगेच्या खाली येणार नाही असा मडगार्डला किंवा सीटस्टेला (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीला). सॅडल बॅग भरली की तिचा पट्टा हळूहळू दिव्यावर उतरतो आणि दिवा जळत असूनही मागून दिसत नाही. रात्री दर थांब्यावर मागे जाऊन, दहा पावलांवरून बघा. दिवा लुकलुकता ठेवण्यापेक्षा स्थिर ठेवा, त्याने मागच्याला अंतराचा अंदाज नीट येतो.

बँक भरलेली असूनही दिवा चार्ज का होत नाही

रात्रीच्या तक्रारींत ही पहिल्या क्रमांकाची. कारणं दोन-तीन आहेत आणि सगळी घरीच शोधता येतात.

पहिलं: पॉवर बँक फोनसाठी बनवलेली असते. जोडलेली वस्तू फारच थोडी वीज घेते आहे असं दिसलं, साधारण ५० ते १०० मिलिअँपिअरच्या खाली, की बँकेला वाटतं चार्जिंग संपलं आणि ती स्वतःला बंद करते. मागचा छोटा दिवा किंवा जीपीएस शेवटच्या टप्प्यात एवढीच वीज घेतो. तुम्ही झोपता, दिवा अर्धाच भरतो. काही बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी विजेवरही चालू राहण्याची सोय असते. तुमच्या बँकेचं माहितीपत्रक त्यासाठी एकदा वाचा. सोय नसेल तर दिव्याबरोबर फोनही त्याच बँकेला लावा, एकूण ओढ वाढते आणि बँक जागी राहते. 'दिवे' लिहिलेल्या बँकेचा नियम मोडायची ही एकच मुभा. फोन लवकर भरून बँक पुन्हा झोपली नाही ना, तेवढं पाहा.

दुसरं: केबल. स्वस्त दिव्यांना आता सी टाइप सॉकेट असतं, पण त्यांच्या सर्किटमध्ये दोन छोटे रेझिस्टर बसवायचे राहून गेलेले असतात. दोन्ही बाजूंनी सी टाइप असलेली केबल लावली की बँक त्या दिव्याला ओळखतच नाही आणि वीज सोडत नाही. तोच दिवा एका बाजूला जुना चपटा ए प्लग असलेल्या केबलवर मुकाट चार्ज होतो. म्हणून एक ए-टू-सी केबल सोबत हवीच, आणि बँकेला ए पोर्टही.

तिसरं: बरेच हेडलाइट केबल लावली की जळणं बंद करतात किंवा सगळ्यात मंद मोडवर जातात. बँकेवर चालवत जाईन असा बेत असेल तर दिवा हे करू देतो का, ते आधी बघा.

ढाब्यावर चार्ज करू की!

करा, पण काय चार्ज करायचं ते ठरवून. जेवायला थांबलात, चाळीस मिनिटं मिळाली. ढाब्याच्या काउंटरवरचा जुना चार्जर ५ वॅटचा. चाळीस मिनिटांत सव्वातीन वॅट-तास, म्हणजे जवळपास काहीच नाही. स्वतःचा १८ वॅटचा चार्जर आणि तेवढ्या वेगाने भरणारी बँक असेल तर त्याच वेळात नुकसान धरूनही १० वॅट-तास आत जातात, हेडलाइट निम्म्याहून जास्त भरेल इतके. बँक घेताना ती देते किती हे सगळे बघतात. ती घेते किती हेही बघा.

हेडलाइट थेट बोर्डाला लावू नका. तो अडीच ते पाच वॅटच घेतो, मिळालेला प्लग तो अडवून बसतो. प्लगला बँक आणि फोन लावा. दिवा नंतर उजेडात, चालत्या सायकलवर, बँकेवरून सावकाश भरत राहील. दोन-तीन पोर्टचा एकच चार्जर असेल तर एका प्लगमध्ये सगळं भागतं. मात्र अशा चार्जरवरचे ६५ वॅट हे सगळ्या पोर्टचे मिळून असतात, दुसरी केबल लावली की पहिलीचा वाटा कमी होतो.

आणि ढाब्यावर भिस्त ठेवून निघू नका. बोर्डाचा प्लग ढिला असतो, चार्जर लोंबकळतो आणि तुम्ही जेवून येईपर्यंत संपर्क सुटलेला असतो. लाइन गेली तर इन्व्हर्टरवर फक्त दिवे-पंखे असतात. तिथे मिळाली ती वीज बोनस धरावी. वरच्या कागदात ती धरू नये.

डायनमो: वीज चाकातूनच का घेऊ नये?

जुन्या सायकलींच्या टायरला घासत फिरणारा बाटलीसारखा डायनमो अनेकांना आठवत असेल. पायाला जड, आणि पावसात टायरवरून घसरला की दिवा गुल. आजचा डायनमो पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातच असतो. चुंबक चाकाबरोबर फिरतात, तारेचं वेटोळं अ‍ॅक्सलला स्थिर असतं, काहीही घासत नाही. जर्मनीचा सॉन, जपानचा शिमानो, तैवानचा शटर प्रिसिजन ही त्यातली परिचित नावं.

त्याचं ठरलेलं माप ६ व्होल्ट, ३ वॅट. साधारण ताशी १५ किलोमीटरला ते मिळतं. वेग वाढला तरी करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपासच अडून राहतो, वेटोळं स्वतःच त्याला आवर घालतं. त्यामुळे उतारावर दिवा जळून जात नाही. डायनमोचा चांगला दिवा या ३ वॅटमध्ये रात्रभर रस्ता दाखवतो आणि त्यात एक छोटा कपॅसिटर असल्याने सिग्नलला थांबल्यावरही काही मिनिटं मंद जळत राहतो. चार्जिंग नाही, मोजणी नाही. दिव्यांच्या वीजेचा प्रश्न कायमचा सुटतो.

सायकल जड होत नाही का? दिवा चालू असताना पायांना सुमारे ५ वॅट जास्त द्यावे लागतात, बंद असताना एक-दोन. निवांत वेगाने जाणारा सायकलस्वार शंभरेक वॅट देतो. त्यातले पाच गेले तर ताशी वेगात फार तर अर्ध्या किलोमीटरचा फरक पडतो. रात्री दिवा चार्ज करत बसण्यात गेलेला अर्धा तास याहून महाग.

मग फोनही त्याच्यावरच? इथे अपेक्षा आवरावी लागते. डायनमोची वीज उलटसुलट वाहणारी असते, तिला सरळ करून ५ व्होल्टवर आणायला वेगळा कन्व्हर्टर लागतो. ताशी २०-२२ च्या वेगाला त्यातून अडीच वॅटच्या आसपास मिळतात आणि १२ च्या खाली वेग गेला की जवळजवळ काहीच नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट ताशी ८ ने चढताना दिवा मंद का होईना जळेल, चार्जिंग मात्र थांबेल. दिवा आणि चार्जिंग एकाच वेळी तर धरूच नका: दिवसा चार्जिंग, रात्री दिवा.

फोन थेट कन्व्हर्टरला लावणं ही नेहमीची चूक. वेग कमी-जास्त झाला की चार्जिंग तुटतं, पुन्हा जोडलं जातं, दर वेळी स्क्रीन उजळते आणि मिळालं त्यापेक्षा जास्त जातं. मध्ये पॉवर बँक घाला, डायनमो तिला भरेल आणि फोन तिच्यावरून. तीही नीट पारखून: चाक फिरवा, चार्जिंग सुरू झालं की दोन मिनिटं थांबा, पुन्हा फिरवा. बँकेचा दिवा आपोआप परत लागला तर ती कामाची. केबल काढून लावावी लागली तर नाही. दिवसभर दहा तास चालवून बँकेत २० वॅट-तास साठतात, म्हणजे फोन पाऊणएक भरेल इतकी वीज.

डायनमो घेताना हब तुमच्या रिम आणि फोर्कला जुळतो का ते पाहा: रिमला भोकं ३२ की ३६, फोर्कचा अ‍ॅक्सल जाड थ्रू की क्विक रिलीज, ब्रेक डिस्क की रिम. चाक नव्याने विणावं लागतं, त्यासाठी स्पोक नीट ताणणारा कारागीर लागतो. आणि पुढचं चाक पंक्चरसाठी काढताना वायरची चिमुकली पिन आधी काढायची, नंतर आठवणीने लावायची. माझं मत विचाराल तर २०० आणि ३०० साठी डायनमोचा खर्च करू नये. ६०० च्या पुढे, किंवा आठवडाभर सामान बांधून फिरणाऱ्यांसाठी, याच्याएवढी भरवशाची वस्तू दुसरी नाही.

सोलर पॅनेलबद्दल थोडक्यात: ब्रेव्हेसाठी नको. कॅरिअरवर आडवा पडलेला, तुमच्याच सावलीत अर्धा झाकलेला १० वॅटचा पॅनेल त्यातले तीन-चार देईल तरी पुष्कळ. तापला की आणखी कमी देतो. दिवसभर एका जागी मुक्काम असेल तर त्याचा उपयोग आहे.

ऊन, पाणी आणि हादरे

लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. उन्हाळ्यात नागपुरात हवाच तेवढी तापते, आणि काळ्या फ्रेम बॅगेतली बँक तर त्याच्याही वर जाते. मार्चनंतरच्या राइडमध्ये चार्जिंग सूर्य मावळल्यावर करा, दुपारी बँक बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवा. तापल्यावर फोन चार्जिंग नाकारतो तेव्हा तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो.

पावसात मुख्य शत्रू पाणी नाही, ओल्या पिनवर असलेली वीज आहे. ओल्या सॉकेटमध्ये केबल लावून ठेवली की पिन हिरव्या पडून खराब होतात. केबल दिव्यात वरून येऊ देऊ नका, तिला खाली झोळ द्या म्हणजे थेंब झोळातून गळून जातात आणि सॉकेटपर्यंत चढत नाहीत. बँक झिपच्या पिशवीत, रबरी झाकणं घट्ट. भिजलेलं सॉकेट झटकून, फुंकून, वाळवून मगच केबल लावा.

हादऱ्यांनी आधी केबल मरते, सॉकेटच्या तोंडाशी. तिथे ताण येऊ नये म्हणून केबल दोन इंच अलीकडे फ्रेमला पट्टीने बांधा आणि एक जादा केबल ठेवा. तिचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम.

निघण्याआधी आणि वीज संपत आली तर

आदल्या आठवड्यात एका रात्री हेडलाइट पूर्ण भरून, जो मोड वापरणार त्याच मोडवर लावून ठेवा आणि तो कधी मंदावतो ते घड्याळात बघा. पंख्याखाली ठेवा, कारण रस्त्यावर त्याला वारा लागतो. बंद खोलीत तो तापून स्वतःच उजेड कमी करेल आणि वेळ खोटी येईल. तो आकडा कागदात घाला. मग बँक, केबल, दिवा, जीपीएस, प्रत्येक जोडी एकदा लावून पूर्ण भरेपर्यंत बघा.

रस्त्यात वीज कमी पडतेय असं दिसलं तर कापायचा क्रम ठरलेला हवा. आधी फोन फ्लाइट मोडवर. मग जीपीएसच्या स्क्रीनचा उजेड. मग हेडलाइट खालच्या मोडवर आणि त्याबरोबर स्वतःचा वेगही कमी. कुणी सोबत असेल तर एकाचा प्रखर, दुसऱ्याचा मंद, आळीपाळीने. मागच्या दिव्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. तोही गेला आणि दुसरा नसेल तर रस्त्यावरून खाली उतरा, जवळच्या पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर बसा आणि उजाडेपर्यंत थांबा. वेळेत पोहोचणं गेलं तर गेलं. रिफ्लेक्टिव्ह जाकीट दिव्याची जागा घेत नाही: त्याच्यावर गाडीचा उजेड पडला तरच ते चमकतं, आणि वळणावर तो उशिरा पडतो.

पॅरिसला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: पॉवर बँक आणि सुटे सेल विमानात सोबतच्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची बँक चालते, म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने २७,००० एमएएच. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. बँकेवर वॅट-तास छापलेले असू द्या. खरवडून आकडा गेलेली बँक तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. सायकलच्या खोक्यात हेडलाइट तसाच राहिला नाही ना, तेही खोकं बंद करण्याआधी बघा.